एक मजला खाली

“रस्त्यावरचे मारतात ते नावसुद्धा न विचारता, हा निदान नावाने हाक मारून मारतो.”

सेकाई हे एकदा सलूनमध्ये बोलली, एका गिऱ्हाइकाच्या केसांत बोटं चालू असताना, आणि स्वतःच हसली. मामा बिबिश, आमची काँगोची मालकीण (तिकडे आईला मामा म्हणतात), आरशातून तिच्याकडे बघत म्हणाली, “असलं गिऱ्हाइकासमोर बोलू नकोस गं. ती मान हलवते आणि तुझा भांग वाकडा जातो.” मग सगळ्याच हसल्या. मी केस धुवायच्या बेसिनपाशी होते. मीही हसले.

तिच्या शोना भाषेत सेकाई म्हणजे ‘हसा’. ती जन्मायच्या आधी तिच्या बापाचं घर जळालं होतं आणि गावाने मजा बघितली होती. पुढे मुलगी झाली तेव्हा बापाने गावाला उत्तर म्हणून हे नाव ठेवलं. हसा, हसून घ्या. तिकडे पोरांच्या नावातून शेजाऱ्यांशी भांडायची पद्धतच आहे. भांडण मोठ्यांचं, आणि ते आयुष्यभर अंगावर वागवायचं पोराने.

योव्हिल वस्तीतल्या क्लॅरेन्स कोर्ट या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एका खोलीचे आम्ही पडदा लावून दोन भाग केले होते. अलीकडे मी, मलावीची, एकटी. पलीकडे सेकाई आणि तिचा नवरा टाफुमा, दोघं झिम्बाब्वेचे. पडद्यावर मोठी पिवळी फुलं होती. टाफुमा घरी असला की ती फुलं कधीकधी माझ्या बाजूला फुगायची, कोणीतरी पाठीने त्यांच्यावर आदळल्यासारखी, आणि मग हळूहळू सपाट व्हायची.

आमच्या इमारतीत एक रीत होती. कुठल्या खोलीत मारहाण सुरू झाली की शेजारी रेडिओ मोठा करायचे. आम्हाला काही ऐकू येत नाही, हे कळवायची ती सभ्य पद्धत. मारणाऱ्याचीही लाज राहायची आणि मार खाणारीचीही. कधी एका खोलीतला आवाज वरखाली पसरत जायचा आणि सगळी इमारत एकाच वेळी फुटबॉलचं समालोचन ऐकू लागायची. खाली चौकात कपडे वाळत घालणाऱ्या बायका मान वर करून विचारायच्या, “आज मॅच कोणाकडे?”

टाफुमा एका गोदामावर पहारा करायचा. त्याचा खाकी गणवेश सेकाई रोज इस्त्री करायची, बाहीची घडी सुरीसारखी. बाहेर तो फार नम्र माणूस होता. जिन्यात भेटला तर अंग चोरून भिंतीला लागायचा आणि मला म्हणायचा, “आधी तुम्ही जा, ताई.” गोदामाचा गोरा मालक त्याला ‘पोरा’ म्हणायचा; टाफुमाची दाढी तेव्हा पिकायला लागली होती. सोबतचे इथले पहारेकरी त्याला क्वेरेक्वेरे म्हणायचे. बाहेरून आलेल्या आमच्यासारख्यांना इथे हाच शब्द. आमची बोली त्यांच्या कानांना तशी कलकल लागते म्हणे. एकदा टॅक्सीच्या थांब्यावर चार पोरांनी त्याला गुडघ्यांवर बसवलं, टोपी काढून घेतली, आणि तीच टोपी हातात धरून त्याला भीक मागायला लावली. सेकाई रस्त्याच्या पलीकडून ते बघत होती. त्याने तिला बघताना बघितलं.

मारायला त्याने त्यानंतर सुरुवात केली, असं लोक म्हणतात. असं म्हटलं की सगळं समजल्यासारखं वाटतं. पण पडद्याच्या या बाजूला मी होते. फुलं त्याआधीही फुगत होती.

सेकाईच्या हाताला मात्र तोड नव्हती. तिने घातलेल्या बारीक वेण्या दोन महिने हलायच्या नाहीत. भांग असे पाडायची की डोकं म्हणजे नांगरलेलं शेत वाटावं, एकेक तास सरळ. गंगावन जोडायची तर खरा केस कुठे संपला ते त्या बाईलाही कळत नसे. थांडेका नावाची इथलीच एक बाई फक्त तिच्याकडूनच करून घ्यायची. सेकाई तिला सिसी म्हणायची, म्हणजे इथल्या बोलीत ताई. खुर्चीत बसल्या बसल्या थांडेकाचं तोंड चालू असे.

“तुम्ही लोक आलात, नोकऱ्या गेल्या. आता नवरेसुद्धा नेता आमचे.”

“न्यायचा तर चांगला तरी नेला असता, सिसी,” सेकाई म्हणायची. “हा मी सोबत घेऊन आले ना, तुमच्यापैकी कोणाला हवा असेल तर बघा.”

थांडेका पोट धरून हसायची. एकदा हसता हसता थांबली आणि आरशात सेकाईच्या सुजलेल्या ओठाकडे बघत हळू आवाजात म्हणाली, “तुमच्यातही मारतात वाटतं?”

“आमच्यातल्या पुरुषांनाही हात असतात, सिसी.”

त्यावर थांडेकाने आपला दंड उघडा करून तिला काहीतरी दाखवलं. मला बेसिनपासून दिसलं नाही. त्या दिवशी सेकाईने तिच्या वेण्या फार सावकाश घातल्या.

हिवाळ्यात सेकाईला दिवस गेले. तिने टाफुमाच्याही आधी मला सांगितलं, पडद्याखालून हात घालून, माझी बोटं दाबून. पुढे एका दुपारी मी सलूनमधून लवकर आले तर ती तिच्या बाजूच्या जमिनीवर बसली होती, पाठ पलंगाला टेकलेली, दोन्ही हात पोटावर. टाफुमा गणवेश चढवून कामावर गेलेला होता.

“रक्त थांबत नाहीये, ताई,” ती म्हणाली. आणि मग, “त्याने बूट काढलेले नव्हते.”

सरकारी दवाखाना दोन चौक पलीकडे. तिला खांद्यावर घेऊन मी फाटकापर्यंत नेलं. त्या दिवसांत फाटकावर दवाखान्याचे लोक नसायचे. वस्तीतली माणसं एकसारखे पांढरे सदरे घालून उभी राहायची आणि ज्याच्याकडे या देशाचं ओळखपत्र नाही त्याला परत पाठवायची. आतल्या नर्सा खिडकीतून बघायच्या आणि खिडकीपासून दूर व्हायच्या. फाटकावरची एक बाई आमच्याकडे पाठ करून उभी होती. सेकाईने तोंड बघायच्या आधी भांग ओळखला.

“सिसी थांडेका,” ती म्हणाली, “मी आहे.”

थांडेका वळली. तिने सेकाईच्या तोंडाकडे बघितलं, मग लुगड्यासारख्या गुंडाळलेल्या कापडाकडे, जे खालून काळं पडत चाललं होतं.

“माहीत आहे,” ती म्हणाली. “आयडी?”

“सिसी.”

“मला नको सांगूस. माझ्या बहिणीचं पोर याच दवाखान्यात औषध संपलं म्हणून गेलं. आयडी आहे का? नसेल तर बाजूला हो, मागे लोक आहेत.”

मागे कोणी नव्हतं. मी काहीतरी ओरडले, त्यावर एका माणसाने मला ढकललं, आणि सेकाईनेच माझा हात धरून मला वळवलं. बाळ घरी गेलं. माझ्या बाजूला, माझ्या बादलीत. टाफुमा कामावरून आला तेव्हा मी जमीन पुसून घेतली होती. त्याने ओली जमीन बघितली, आपले बूट दाराबाहेर काढले आणि आत येऊन भिंतीकडे तोंड करून झोपला. पुढे काही दिवस तो बूट दाराबाहेरच काढत होता. मग विसरला.

पोलीस चौकीत ती एकदाच गेली. तिथला शिपाई म्हणाला, आधी परमिट दाखव, मग नवऱ्याचं बघू. परमिट नसेल तर आधी तुझंच बघतो. बायकांच्या आश्रयघरात फोन केला तर तिथल्या बाईने खूप मायेने बोलून शेवटी तोच कागद मागितला. सेकाई म्हणाली, “सगळ्या दारांना एकच कुलूप आहे, ताई.” आणि वेण्या घालायला निघून गेली.

म्हणून ती जिथे कागद मागत नाहीत अशा एकाच दाराशी गेली.

इमारतीच्या समोरच्या फुटपाथवर युनिस नावाची एक म्हातारी बसायची. आमच्याकडे खातात त्या सुकवलेल्या अळ्या, सुकी मासळी, पालेभाजी विकायची. तीही झिम्बाब्वेचीच. शोना माणसं भेटली की आधी देवक विचारतात. देवक एक निघालं की ती भावकी. मग गावं शंभर कोस लांब असली, एकमेकांचं तोंड कधी बघितलेलं नसलं तरी रक्ताची. सोयरीक होत नाही, सुतक लागतं. परक्या शहरात ज्याचं कोणी नाही तो देवकावरून माणसं जोडतो, आणि ती जोडलेली माणसं नाटकातली नसतात, खरी होतात.

“देवक काय तुझं?” म्हातारीने भाजीवर पाणी शिंपडत विचारलं.

“एलांड हरीण.”

“मग एवढे दिवस मला नुसतं आजी म्हणत भाजी घासाघीस करून नेत होतीस? लाज नाही वाटली? मी पण हरणाचीच.” म्हातारीने हात पुसले आणि सेकाईची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं. डोळ्याखालचा डाग बघितला. “तुझा बाप माझा भाऊ. मी तुझी आत्या. उठ.”

सेकाई त्या दिवशी आपली पिशवी घेऊन आत्याकडे राहायला गेली. आत्याची खोली आमच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. एवढ्या मोठ्या शहरात पळून जाऊन ती एक मजला खाली आली होती. पण त्या आठवड्यात मी तिला जसं बघितलं तसं आधी कधी बघितलं नव्हतं. ती आत्याच्या अळ्या निवडायची, आत्याचे पाय चोळून द्यायची, आत्या तिला शिव्या द्यायची आणि ताटातला मक्याच्या पिठाचा मोठा गोळा तिच्याकडे सरकवायची. “हाडं टोचतात तुझी, नीट झोप,” असं म्हणत दोघी एकाच चटईवर झोपायच्या. सलूनमध्ये ती गाणं गुणगुणायला लागली. मामा बिबिश म्हणाली, “आता गिऱ्हाइकं पळतील.”

चूक तिथेच होती, आणि ती सेकाईला कळली नाही. कळायला हवी होती, कारण रीत तिचीच. आमच्या मलावीत बाईच्या बाजूने मामा बोलतो आणि नवरा नीट नसला तर मामा तिला सरळ घरी ठेवून घेतो. शोनांत ते आत्याचं काम. आत्याच लग्न जुळवते, नवरीला वाट दाखवते, भांडण झालं तर ऐकून घेते. आणि मग तिला परत नेऊन पोचवते. पुतणी आली आणि आत्याने ठेवून घेतली, असं होत नाही. सेकाई म्हातारीला नुसती आजी म्हणत राहिली असती तर म्हातारीने कदाचित तिला वर्षभर चटईवर झोपू दिलं असतं. पण तिने तिला आत्या केलं.

टाफुमाला हे बरोबर माहीत होतं. तो दारावर लाथा मारायला आला नाही. चर्चमधल्या मुसेकिवाबाबांना त्याने मध्यस्थ म्हणून पाठवलं, रीतीप्रमाणे, आणि त्यांनी दाराबाहेर बसून टाळ्या वाजवून आत्याची परवानगी मागितली. रविवार ठरला.

रविवारी सकाळी मी आत्याकडे चहाची भांडी द्यायला गेले तेव्हा सेकाई तिच्या पायाशी बसली होती.

“आत्या, मला तुमच्याजवळच ठेवा. बाकी काही मागत नाही. त्या खोलीत परत नको.”

“आत्या कशाला असते गं? पुतणीला पोत्याआड लपवायला?” म्हातारी तिचं डोकं थोपटत होती. “मी तुला टाकत नाहीये, पोचवतेय. मी तीनदा परत गेले माझ्या नवऱ्याकडे. बघ, जिवंत आहे की नाही?”

“आणि मी नाही राहिले तर?”

“मग तर नवरा हवाच. उद्या इथे काही झालं तर तुझं मढं गावाला कोण नेणार? मी? अळ्या विकून? त्याचीच माणसं नेणार. नवऱ्यावाचून मेलेली बाई या देशात कुठे पुरतात ते विचार कोणाला तरी.”

सेकाईने आत्याचा पाय मांडीवर घेतला आणि टाच चोळत राहिली.

त्या रविवारी चर्चला कोणी गेलं नव्हतं. परक्यांची दुकानं बंद करा म्हणत रस्त्यावर मोर्चा फिरत होता. मामा बिबिशने आदल्या दिवशीच पाटी उतरवून ठेवली होती. इमारतीचं खालचं शटर ओढलेलं होतं आणि त्यावर अधूनमधून काठी वाजायची. आत्याच्या खोलीत आम्ही दाटीने बसलो होतो. पुरुष बाकावर, बायका जमिनीवर. टाफुमा आला, गणवेश घालूनच. इस्त्री त्याने स्वतः केलेली होती, बाही चुरगळलेली. सोबत आत्यासाठी एक घोंगडी आणि पाय बांधलेली कोंबडी. कोंबडी दाराजवळ ठेवली, तिथे ती डोळे मिटून पडून राहिली.

तक्रार सांगायची तर ती आत्याने. सेकाईने मान खाली घालून ऐकायचं. आत्याने रीतीच्या शब्दांत सांगितली: घरात हात लांब झाला, पुतणीची तब्येत बिघडली, वडीलधाऱ्यांनी ऐकावं.

“तब्येत नाही,” मी म्हणाले. “बाळ होतं ते.”

मुसेकिवाबाबांनी माझ्याकडे बघितलं. “ही कोण?”

“वरची शेजारीण. मलावीची.”

“असं होय. तुमच्याकडे मामा बोलतो ना, बाई? मग मामाला घेऊन या, आपण त्याचंही ऐकू.” दोघंतिघं हसले. बाबाही हसले, वाईटपणाने नाही. “तोवर चहा बघा.”

मग टाफुमा बोलला. गुडघ्यांवर बसून, हळूहळू टाळ्या वाजवत. चुकलो म्हणाला. त्यानंतर जे बोलला ते आम्ही कोणी त्याच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. टोपीचं सांगितलं. मालक पोरा म्हणतो ते सांगितलं. “दिवसभर बाहेर कुत्रा असतो मी, बाबा. घराचं दार लावलं की मला माणूस व्हावं लागतं, आणि ते कसं व्हायचं ते मला आठवत नाही.” तो खरंच रडत होता. नाकातून पाणी गळत होतं आणि ते तो गणवेशाच्या बाहीला पुसत नव्हता. बाकावरचे पुरुष जमिनीकडे बघायला लागले. प्रत्येकाची एकेक टोपी होती. खाली शटरवर काठी वाजली आणि कोणीतरी गाणं सुरू केलं, मग खूप आवाजांनी ते उचललं. ते इतकं सुरेल होतं की खोलीतल्या एका बाईचं डोकं नकळत तालावर हललं.

त्या खोलीत जेवढी माया शिल्लक होती तेवढी सगळी त्याच्याकडे गेली. मी ते होताना बघितलं. एका माणसाने हात लांब करून त्याच्या पाठीवर ठेवला. आत्याने डोळे पुसले. सेकाई सगळ्यांच्या मधोमध बसली होती आणि तिच्यापर्यंत काही पोचत नव्हतं.

“ऐकताय ना बाहेर काय चाललंय?” मुसेकिवाबाबा म्हणाले. “ते आपल्याला घरातून ओढायला आलेत. आणि आपण आतून आपलीच घरं मोडायची? जावईबापूंनी चूक कबूल केली, घोंगडी आणली. बाई, आता तुझं उत्तर दे.”

उत्तर म्हणजे ओंजळीची टाळी. बाईने दोन्ही तळवे आडवे, थोडे पोकळ धरून वाजवायचे, की मान्य आहे. बोलायचं काही नसतं. सगळे सेकाईच्या हातांकडे बघू लागले. ते मांडीवर पडलेले होते, एकावर एक, गंगावनाच्या धाग्यांनी बोटांवर पडलेले चरे वर करून. ती ते हात उचलेना. बाहेरचं गाणं संपलं आणि नवीन सुरू झालं. कोंबडीने एक डोळा उघडला.

“सेकाई,” टाफुमा म्हणाला. अगदी हळू.

ती हलली नाही.

“लाजते आहे पोर,” आत्या म्हणाली. नवरी लाजली तर तिच्या वतीने आत्याने होकार द्यायचा, हेही रीतीतच आहे. म्हातारीने आपले अळ्यांच्या वासाचे, सुरकुतलेले तळवे आडवे धरले आणि टाळी वाजवली. एकदा, पुन्हा, पुन्हा. बाकावरून पुरुषांच्या सपाट टाळ्यांनी तिला साथ दिली. मग बायकांनी. खोली टाळ्यांनी भरून गेली आणि क्षणभर बाहेरचं काही ऐकू आलं नाही. टाफुमाने तोंड पुसलं आणि उभा राहिला. कोणीतरी म्हणालं, चहा होऊ दे आता. आत्याने कोंबडी उचलून तिचं वजन बघितलं.

सेकाई उठली. तिची पिशवी पलंगाखाली होती, ती तिने घेतली नाही. बायकांनी पाय आवळून तिला वाट करून दिली. टाफुमाने दार उघडून धरलं आणि अंग चोरून भिंतीला लागला. वर जायचा जिना डावीकडे होता. ती त्याच्यासमोरून, त्याच्याकडे न बघता, उजवीकडे वळली आणि शटरच्या दिशेने पायऱ्या उतरू लागली.